सहस्रबुद्धेबाईंचा बारावा धडा

सहस्रबुद्धेबाईंनी मला बावीस वर्षांत दोनदाच ‘बरोबर’ म्हटलं. पहिल्यांदा, मी रशियनचं दहा ओळींचं शुद्धलेखन एकही चूक न करता लिहिलं तेव्हा. दुसऱ्यांदा, तुमच्या शिकवणीला यायचा मला कंटाळा येतो असं मी धीर करून सांगितलं तेव्हा. त्या वेळी त्या पुढे म्हणाल्या, “बरोबर. कंटाळा आल्याशिवाय भाषा येत नाही. उद्या सहाला या.”

मी मूळचा यवतमाळकडचा. शिकायला पुण्यात आलो, आणि सोबत रशियनही शिक, सरकारी नोकरी ठेवलेलीच आहे, असं माझ्या एका मामांनी सांगितलं म्हणून बाईंकडे गेलो. ज्या देशाच्या जोरावर ती नोकरी मिळायची तो देश मोडून बरीच वर्षं झाली होती, हे मामांना कुणी कळवलं नव्हतं. बाईंचं घर विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्याच्या आत, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “बाई, मी घरीच थोडंथोडं शिकून राहिलो होतो.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “अहो काळबांडे, आधी मराठी कुठलं ते सांगा. मग रशियनकडे वळू.”

एकोणीस वर्षांच्या पोरालाही त्या अहो म्हणायच्या. हा मान आहे असं मला आधी वाटलं. नंतर कळलं की तो लांब ठेवायचा एक मार्ग होता. बाई लग्न न करता एकट्या राहिल्या. भाऊ परदेशात, तो दिवाळीला फोन करायचा. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि आम्हाला विचारायची सोय ठेवली नाही.

लष्कराच्या एका कार्यालयात त्या भाषांतरकार होत्या. रणगाडे, तोफा, त्यांची इंजिनं, सगळ्याची माहितीपुस्तकं रशियनमधून यायची आणि बाई ती इंग्रजीत उतरवायच्या. संध्याकाळी सहा ते आठ शिकवणी. “दिवसभर तोफा, संध्याकाळी तुम्ही,” असं म्हणायच्या, आणि त्यातलं जास्त त्रासाचं काय हे आम्हाला चेहऱ्यावरून कळायचं. एकदा एका पुस्तकात कुठलासा बोल्ट डावीकडे फिरवून घट्ट करावा असं छापून आलं होतं. साहेब म्हणाले, बाई, डावीकडे फिरवून हा बोल्ट सैल होतो. बाई म्हणाल्या, “मुळात डावीकडे आहे, मी डावीकडे लिहिलंय. खाली टीप दिलीय, मुळात चूक असावी.” साहेब म्हणाले टीप काढा आणि सरळ उजवीकडे करून टाका. बाईंनी सही केली नाही. पुस्तक महिनाभर टेबलावर पडून राहिलं. शेवटी साहेबांची बदली झाली आणि टीप राहिली.

ही गोष्ट त्या दर बॅचला सांगायच्या आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं: “वाक्य खरं आहे का ते सरकारनं बघावं. बरोबर आहे का ते मी बघते.” आम्ही हसायचो. मलाही तेव्हा त्यात फक्त त्यांचा ताठा दिसला.

सवयी म्हणाल तर चहा बिनदुधाचा, लिंबू पिळून, काचेच्या पेल्यात. शेजारच्या बायकांना वाटायचं यांना कायम पोटाचं काहीतरी असतं. तिकडच्या काळ्या पावाची त्यांना आठवण यायची, आणि त्याच्या जवळ जाणारी पुण्यात एकच वस्तू आहे, ती म्हणजे शिळी बाजरीची भाकरी, असा त्यांनी शोध लावला होता. ती भाकरी आणि काकडीचं लोणचं त्या इतक्या समाधानानं खायच्या की आम्हालाही नको म्हणवायचं नाही. आणि उच्चार. बाईंचा उच्चार ही पुण्यातली एक मान्य झालेली गोष्ट होती. तिकडून आलेले पाहुणे त्यांचं बोलणं ऐकून विचारायचे, आपली आई कुठल्या गावची. बाई गंभीरपणे सांगायच्या, “सातारची.”

हा उच्चार त्यांना दोन मुलींनी दिला होता. बाई विशीत असताना शिष्यवृत्तीवर तिकडे गेल्या, तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत तिघी होत्या. गालिना रशियातली, ओक्साना युक्रेनमधली आणि आपल्या उषा सहस्रबुद्धे. आडनावापुढे दोघींनी हात टेकले आणि नावाचं उशेन्का करून टाकलं. परदेशी मुलांच्या पाठ्यपुस्तकातला एकेक धडा ओक्साना त्यांच्याकडून रात्री घोटून घ्यायची, आणि गालिना पलंगावर लोळत चुका मोजायची. तेव्हा तो एकच देश होता, आणि कोण कुठली याला सुट्टीत कुठल्या फलाटावर जायचं यापलीकडे अर्थ नव्हता. बाई परत आल्या. मग पत्रं, नंतर पत्रं बंद, आणि बऱ्याच वर्षांनी संगणकावर पुन्हा गाठ. ती गाठ मी घालून दिली. दर रविवारी चार वाजता तिघी म्हाताऱ्या पडद्यावर जमायच्या. मी कधी त्या वेळेला गेलो तर बाई दार उघडून तोंडावर बोट ठेवायच्या. आतून हसण्याचे आवाज यायचे. बाईंना मोठ्यानं हसताना मी फक्त रविवारीच ऐकलं.

मग युद्ध सुरू झालं.

पहिल्या रविवारी गालिना म्हणाली की घरांवर कुणी बाँब टाकत नाही, सरकारी वाहिनीनं सगळं दाखवलंय, पडलेली घरं नाटकातली आहेत. ओक्सानानं फोन उचलून खिडकीबाहेर धरला. समोरच्या इमारतीचा कोपरा गेलेला होता. गालिना म्हणाली, हेही तसलंच. ओक्साना पडद्यावरून निघून गेली, आणि त्यानंतर तिघी एकत्र कधी आल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून गालिना चार वाजता आणि ओक्साना पाच वाजता.

“मी टपालखातं झालेय,” बाई म्हणाल्या. “फरक एवढाच, की पत्रं पोचवायची नाहीत.”

दोघींकडून दिवसभर चित्रफिती यायच्या. गालिनाकडून तिच्या सरकारच्या, ओक्सानाकडून तिच्या. बाई सगळ्या बघायच्या. बघायच्या म्हणजे काय, त्यातलं एकेक वाक्य पाठकोऱ्या कागदावर उतरवायच्या आणि लाल पेन्सिलीनं तपासायच्या. एकदा त्यांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक गालिनाकडचा, एक ओक्सानाकडचा. देशांची नावं हातानं झाकून म्हणाल्या, “वाचा.” दोन्हींकडे शूर जवान, दोन्हींकडे भेकड शत्रू, दोन्हींकडे सगळी जनता एक. “एकाच शाळेत शिकलेत दोघं,” बाई म्हणाल्या. “ओक्सानाचं छप्पर खरंच गेलंय, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या सरकारलाही लिहिताना तेच वाक्य सापडतं.” गालिनावर मी चिडलो तर मला थांबवायच्या. “तिचा नातू आघाडीवर आहे. तिला विश्वास ठेवावाच लागणार. नाही ठेवला तर तो तिथे कशासाठी आहे?”

स्वतः आपण या सगळ्याच्या बाहेर आहोत अशी त्यांची खात्री होती. आपल्याकडे पूर्वी तिकडची चकचकीत मराठी मासिकं यायची, लोक त्यांची पानं वह्यांना कव्हरं म्हणून घालायचे. त्यांत गव्हाचं पीक दर अंकात विक्रमी असायचं, आणि बाई तेव्हा तिथे पावाच्या रांगेत उभ्या होत्या. “मला कोण काय सांगणार?” असं म्हणायच्या.

आता माझं सांगतो, कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला शेवटी रशियनमुळेच नोकरी लागली. हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये आमचं काम असं, की लोक समाजमाध्यमांवर जे टाकतात त्यातलं रशियन भाषेतलं बघायचं आणि शेरा मारायचा. सरकारी प्रचार आहे का, खोटं आहे का, अर्धवट आहे का. आमच्या टेबलावर चौघं, आणि चौघंही बाईंचेच विद्यार्थी. युद्ध सुरू झाल्यापासून तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. म्हणजे प्रचार कसा ओळखायचा याचा मी पगार घेत होतो.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर बाईंना एक पत्र आलं. परदेशात रशियन शिकवणाऱ्यांच्या मुलाखतींची मालिका करतोय, आपलं नाव फार ऐकलंय. लिहिणाऱ्याचं नाव आर्त्योम. बाईंनी मला बोलावलं. मी म्हणालो, “बाई, आत्ताच कशाला? दिवस बरे नाहीत.” त्यांनी आधी त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं, आणि मग मला म्हणाल्या, “काय सुरेख बोलतो हो मुलगा. असे उच्चार आता तिकडेही उरले नसतील.” तिथेच मुलाखत पक्की झाली. भाषा नीट बोलणारा माणूस वाईट असेल असं बाईंना वाटूच शकत नव्हतं.

मी दोन जाडजूड शब्दकोशांवर लॅपटॉप ठेवला. चेहऱ्यावर उजेड कमी पडतोय असं आर्त्योम म्हणाला, म्हणून मी टेबललॅम्प हातात धरून कोपऱ्यात उभा राहिलो. बाई चाळीस मिनिटं बोलल्या. वसतिगृह, गालिना, ओक्साना, सातारची आई, शिळी भाकरी. आर्त्योम हसत होता, आणि बाई खुलल्या होत्या. मग त्यानं विचारलं, पहिल्या पुस्तकातलं अजून काही आठवतं का? बाई म्हणाल्या, “का नाही? धडा बारावा.” आणि धडा पाठ असलेल्या मुलीसारखं सरळ बसून त्यांनी तो धडा म्हटला. आमचे सैनिक शूर आहेत. ते शांततेचं रक्षण करतात. सगळी जनता त्यांच्या पाठीशी आहे. आम्हाला त्यांचा अभिमान वाटतो.

आर्त्योमनं टाळ्या वाजवल्या. म्हणाला, मध्येच आवाज तुटला, पुन्हा म्हणाल का? धड्याचं नाव नको, नुसती वाक्यं.

बाईंनी पुन्हा म्हटली. पहिल्यापेक्षा छान म्हटली. मी दिवा धरून उभा होतो. माझ्याकडे आवाज अजिबात तुटला नव्हता. माझ्या मनात काहीही आलं नाही, आणि जे आलं नाही त्याचा हिशेब मी अजून स्वतःला देतोय.

तीनेक आठवड्यांनी कामावर शेजारच्या स्नेहानं खुर्ची मागे ढकलली. “सर, हे बघा ना. आपल्या बाई आहेत.” पडद्यावर बाई होत्या, जांभळ्या काठाच्या सुती साडीत. वाक्यं बाईंची, मध्ये मध्ये रणगाडे जाताना दिसत होते, खाली संगीत. वर मथळा: भारतातल्या प्राध्यापिकेचा आमच्या वीरांना पाठिंबा. एकूण पाऊण मिनिट. कुठल्याशा सरकारी पानावरून ती शेकडो पानांवर गेली होती.

आमचा नियम असा, की ओळखीच्या माणसाची चित्रफीत आली तर आपण तपासायची नाही, पुढे ढकलायची. आम्ही चौघंही तिला हात लावू शकत नव्हतो. ती दुसऱ्या कुठल्यातरी शहरातल्या कुणाकडे गेली. त्यानं बघितलं असेल, चेहरा खरा, आवाज खरा, तोंड आणि शब्द जुळतात. त्यानं ‘ठीक’ असा शेरा मारला. त्याची तरी काय चूक? प्रत्येक वाक्य बाईच बोलल्या होत्या.

मी गाडी काढली आणि तसाच विश्रांतवाडीला गेलो. बाईंनी ती आधीच बघितली होती. म्हणाल्या, “मी प्राध्यापिका नव्हते.” पुढे म्हणाल्या, “भाषांतरकार आणि शिक्षिका. मी त्याला दोनदा सांगितलं होतं.” मग फोन माझ्यापुढे केला. चित्रफीत ओक्सानानं पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं: उशेन्का, हा धडा मीच तुझ्याकडून घोटून घेतला होता. आमचे सैनिक म्हणजे कुणाचे, हे तेव्हा आपल्याला विचारावं लागलं नाही. तू हे म्हणत होतीस तेव्हा मी तळघरात बसले होते.

“काळबांडे, धडा बारावा असं मी म्हटलं होतं ना?”

“म्हटलं होतं, बाई.”

“तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं.”

“मग तसं तिला लिहा. माझं ती ऐकणार नाही.”

मी तिथेच बसून रशियनमध्ये पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, त्यानं पुन्हा म्हणायला सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो हेसुद्धा. बाईंनी लाल पेन्सिल घेतली. तीन चुका सुधारल्या आणि ते वाक्य पूर्ण खोडलं. “यावरून चूक तुमची वाटते. ती माझी आहे. समोर वाक्य आलं की मी म्हणते, कुणासाठी ते विचारत नाही. आयुष्यभर हेच केलं.” पत्र पाठवलं. ते वाचल्याच्या दोन निळ्या खुणा रात्रीच आल्या. उत्तर आलं नाही. रविवारी पाच वाजता फोन आला नाही.

इमारतीत वेगळंच चाललं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. “बाई, व्हायरल झालात की. आमच्या सुनेनं ऑफिसात दाखवलं. चांगलं बोललात, आपले जुने मित्रच आहेत ते.” बाई म्हणाल्या, “मी बोलले नाही, मी धडा म्हटला.” सेक्रेटरींना तो विनय वाटला. काय गेलंय हे त्या इमारतीत कुणाला सांगून कळण्यासारखं नव्हतं.

बाईंनी त्या पानाला पत्र लिहिलं. कलमवार, सात कलमं, निर्दोष. पोच नाही. आर्त्योमचा फोन लागेना. शेवटी त्या म्हणाल्या, मीच बोलते. मी म्हणालो, “बाई, हेही कुणीतरी कापेल. माझं रोजचं काम आहे, मला माहीत आहे.” त्या म्हणाल्या, “मी पूर्ण बोलणार. मागचं पुढचं सोडलं नाही तर कापणार काय?” दोन दिवस मजकूर लिहिला. फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि अकरा मिनिटं बोलल्या. हा पाठ्यपुस्तकातला धडा आहे, इथपासून सुरुवात केली. मला न सांगता तो वापरला, मला फसवलं. माझ्या एका मैत्रिणीच्या घराला छप्पर नाही. माझ्या दुसऱ्या मैत्रिणीचा नातू आघाडीवर आहे आणि ती रोज त्याची वाट बघते. दोघीही मला हव्या आहेत. मी कुठल्याच सरकारच्या वतीनं बोलत नाही.

मी ते टाकलं. आठवडाभर आम्ही दोघं आणि बाईंचे काही जुने विद्यार्थी सोडले तर कुणी बघितलं नाही. मग एका सकाळी पलीकडच्या बाजूच्या सरकारी पानावर ते दिसलं. त्यातलं अर्धं मिनिट. मला फसवलं. मैत्रिणीच्या घराला छप्पर नाही. खाली संगीत, आणि मथळा: भारतीय प्राध्यापिकेनं शत्रूचा बुरखा फाडला.

“पुन्हा प्राध्यापिका,” बाई म्हणाल्या.

गालिनानं ते त्याच दिवशी बघितलं. तिनं आवाजातला निरोप पाठवला, तो बाईंनी माझ्यादेखत लावला. एकच वाक्य होतं, अगदी शांत. “उषा, हे बोलायला तुला कुणी शिकवलं?” त्यानंतर तिनं बाईंचा नंबर ब्लॉक केला. ओक्सानाला बाईंनी पूर्ण अकरा मिनिटं पाठवली. त्याला एकच खूण आली, म्हणजे तिच्या फोनपर्यंत ती पोचलीच नाहीत. तिकडे वीज नसेल, फोन नसेल, किंवा काहीही असेल. ती एक खूण बाई दिवसातून किती वेळा बघायच्या ते मला माहीत नाही. मी असताना दर पाच-दहा मिनिटांनी बघायच्या. दुसरी खूण कधी आली नाही.

रविवारी चारच्या सुमाराला मी काही ना काही निमित्त काढून जायला लागलो. बाई दार उघडायच्या, चहा करायच्या. फोन टेबलावर चार्ज करून ठेवलेला असायचा. आम्ही दोघं बाहेरच्या रस्त्याचे आवाज ऐकत बसायचो. मी रशियनमधून काही विचारलं तर त्या मराठीतून उत्तर द्यायच्या. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग कळलं की त्यांनी ती भाषा तोंडात घेणंच सोडलंय. शिकवणी बंद केली. वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे निघालेली एक मुलगी आली होती, तिला म्हणाल्या, “आता मी शिकवत नाही. विसरले.” चाळीस वर्षं जिच्या आधारानं ही बाई एकटी नव्हती, ती भाषाच तिनं दाराबाहेर काढली, आणि मला ते बघवत नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, “अहो काळबांडे, त्यात तुम्हाला काय त्रास?”

गेल्या हिवाळ्यात त्यांना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेलो. एका इमारतीत वेगवेगळे डॉक्टर बसतात आणि बाहेरचा हॉल सगळ्यांना एकच, तसलं ठिकाण. नर्सनं बाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसा म्हणाली. बाई पर्स मांडीवर धरून, डोळे मिटून बसल्या.

काउंटरवर एक परदेशी बाई होती, तिशीची, कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी. मुलगी कानावर हात दाबून रडत होती. आई फोनमध्ये काहीतरी बोलायची, फोन इंग्रजीत भलतंच काहीतरी सांगायचा, आणि काउंटरवरची मुलगी म्हणायची, “मॅडम, स्किनचे डॉक्टर आज नाहीत.” ती बाई मुलीशी रशियनमध्ये बोलत होती. मी बाईंकडे बघितलं. त्या हलल्या नाहीत. मी उठून पुढे गेलो.

मुलीला आधी काय झालं होतं, कुठलं औषध चालत नाही, हे मी विचारून कानाच्या डॉक्टरांच्या मदतनिसाला सांगत होतो. पण कानाच्या पडद्याला रशियनमध्ये काय म्हणतात ते मला येईना, आणि पूर्वी तो फाटला होता का हे त्यांना आधी कळायला हवं होतं. मी परत बाईंकडे आलो आणि वाकलो. त्यांनी डोळे न उघडता माझा कान जवळ ओढला आणि तो शब्द हळूच सांगितला. मी जाऊन म्हटला. त्या बाईला कळला नाही. मी पुन्हा आलो. बाईंनी पुन्हा सांगितला, सावकाश, तुकडे करून, इतक्या हळू की शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. या वेळी कळला. हो, फाटला होता, गेल्या वर्षी.

मायलेकी आत गेल्या. मी बाईंशेजारी बसलो. म्हणालो, “तुम्ही दोन मिनिटांत सांगितलं असतं. का नाही बोललात?”

“ती ओक्सानाच्या बाजूची आहे,” बाई म्हणाल्या. “बोलण्यावरून कळतं.”

“मग तर बोलायचं.”

“मी तोंड उघडलं असतं तर तिनं आवाज ओळखला असता.”

ती चित्रफीत कोण कुठे लक्षात ठेवतंय, असं म्हणणार होतो. पण ती मी स्वतः कितीदा बघितली होती ते मला माहीत होतं.

थोड्या वेळानं ती बाई बाहेर आली. मुलगी खांद्यावर झोपली होती. तिनं माझे आभार मानले. मग बाईंसमोर थांबली, कारण मी कुणाला विचारून येत होतो ते तिनं बघितलं होतं. ती वाकली, बाईंच्या हातावर हात ठेवला आणि रशियनमध्ये म्हणाली, “आजी, तुमचेही आभार. तुम्ही कुठे शिकलात?”

बाईंनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी तिचा हात एकदा थोपटला आणि मराठीत म्हणाल्या, “असू दे, बाळ. मला तुझी भाषा येत नाही.”